आईच्या पिशवीतल्या लोकरीवर चोणक येईल का?

फोंड्याहून एका तरुणाने विचारलं आहे. फ्लाय रॉड घेतला, पण फ्लाय (गरीवर लोकर, पिसं, धागे बांधून केलेलं नकली भक्ष्य) बांधायचं सामान परदेशातून मागवायचं तर मालापेक्षा टपाल आणि कस्टमच जास्त पडतं. आई विणकाम करते, तिच्याकडे उरलेल्या लोकरीची पिशवी भरलेली आहे. ती लोकर आणि घरातल्या इतर वस्तू वापरून बांधलेल्या फ्लाय खाडीतल्या चोणक, तांबोशी या माशांना चालतील का, की ही नुसती हौस ठरेल?

चालतील. कोळंबीची फ्लाय बांधायला तर मला विणकामाची लोकर विकतच्या महागड्या केसांपेक्षा बरी वाटते. फक्त गरी आणि बांधायचा दोरा या दोन गोष्टींत काटकसर करू नका, त्याबद्दल पुढे लिहितो. बाकी सामान निवडताना त्याचं नाव आणि पाकीट बघू नका. ते पाण्यात बुडतं की तरंगतं, पाणी किती पितं, भिजल्यावर रंग कसा होतो आणि प्रवाहात हलतं की काठीसारखं उभं राहतं, एवढं बघा.

घरातलं सामान वापरणं ही गरिबाची तडजोड आहे असं मनात असेल तर ते काढून टाका. इंग्लंडमधल्या एव्हन नदीवर राखणदार असलेल्या फ्रँक सॉयरची 'किलर बग' ही फ्लाय जगभर गाजली, आणि ती होती रफूच्या लोकरीची: चॅडविक्स कंपनीची, 477 नंबरची. कोरडी असताना ती फिकट करडी-तपकिरी दिसायची आणि भिजली की तिच्यात गुलाबीसर झाक यायची. सगळी किमया त्या ओल्या रंगात होती. कंपनीने ती लोकर बंद केली तेव्हा फ्लाय बांधणारे उरलेल्या मालासाठी दुकानं धुंडाळू लागले. याच सॉयरने आपल्या आणखी एका प्रसिद्ध फ्लायमध्ये दोऱ्याऐवजी तांब्याची बारीक तार वापरली. पुढे अँट्रॉन नावाचा चमकदार धागा फ्लायच्या दुकानांत आला, तो मुळात ड्यूपाँट कंपनीने गालिच्यांसाठी काढलेला नायलॉन. अमेरिकेत ट्राउटसाठी चालणारी 'मॉप फ्लाय' म्हणजे फरशी पुसायच्या मायक्रोफायबरच्या पुसण्याचं एक बोट कापून गरीवर बांधलेलं असतं.

आता तुमच्या पिशवीकडे येऊ. तिच्यातली बहुतेक लोकर मेंढीची नसणार. गोव्यात थंडी ती किती! इथे बाळाच्या टोप्या, टेबलावरची रुमालं आणि दाराची तोरणं यांसाठी जी लोकर विकली जाते ती बहुतांशी अ‍ॅक्रिलिकची असते. खात्री करायची असेल तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून घराबाहेर, मोकळ्या हवेत जाळून बघा, आणि धुरापासून तोंड लांब ठेवा. मेंढीची लोकर केस जळल्यासारखी वास मारते, आपोआप विझते आणि तिची राख बोटांनी चुरडते. अ‍ॅक्रिलिक भडकन पेटतं, काळा धूर सोडतं आणि मागे कडक काळी गोळी ठेवतं. सुती धागा कागदासारखा जळतो. पॉलिएस्टर आधी आक्रसतं, मग वितळतं.

ही ओळख कशाला हवी, तर प्रत्येक धाग्याचं वजन वेगळं असतं. समुद्राच्या पाण्याची घनता साधारण 1.025. पॉलिप्रोपिलिन 0.91 च्या आसपास, म्हणजे ते तरंगणारच. नायलॉन 1.14, अ‍ॅक्रिलिक 1.17, मेंढीची लोकर 1.3, पॉलिएस्टर 1.38 आणि सूत 1.5 च्या वर. अ‍ॅक्रिलिक पाण्यापेक्षा थोडंसंच जड असल्यामुळे हळूहळू, लहरत खाली जातं. उथळ, गढूळ खाडीत नेमकी हीच चाल हवी असते, कारण तिथे मासा वर बघत असतो आणि फ्लाय चिखलात जाऊन बसली तर ती त्याच्या नजरेतूनच सुटते. शिवाय अ‍ॅक्रिलिकचा तंतू स्वतः पाणी जवळजवळ पीत नाही. तंतूंच्या मधे अडकलेलं पाणी एका झटक्यात निघून जातं. सुती धाग्याची किंवा मखमली जाड लोकरीची फ्लाय मात्र चिंब होते आणि 8 नंबर वजनाचा दोर फेकणाऱ्या रॉडने ती फेकताना मनगट दुखायला लागतं.

एक लिटर पाण्यात 35 ग्रॅम मीठ विरघळवलं की समुद्राच्या खारटपणाचं पाणी तयार होतं. काचेच्या पेल्यात ते घ्या, लोकरीचा पुंजका पाण्याखाली धरून बोटांनी दाबा आणि सगळी हवा काढा. हवा राहिली तर दगडसुद्धा तरंगेल असं वाटतं, म्हणून ही पायरी सोडू नका. मग सोडून द्या आणि बघा. पेला खिडकीत उजेडाच्या समोर ठेवून बाजूने रंग बघा. लाल-नारिंगी लोकर दुकानात कितीही आकर्षक दिसली तरी जिवंत कोळंबी तशी नसते. ती लाल होते ती शिजल्यावर. खाडीतली कोळंबी पारदर्शक, करडी, हिरवट-तपकिरी असते. पिशवीतले जे मळकट रंग आई कशाला वापरत नाही, तेच आधी मागून घ्या: खाकी, राखाडी, दुधाळ पांढरा, शेवाळी.

लोकर आहे तशी गरीला बांधली तर ती दोरीच राहते. तिला विंचरायचं असतं. चार पदरी लोकरीचा 10 सेंटीमीटरचा तुकडा कापा, पीळ उलटा फिरवून पदर सुटे करा. एक टोक चिमटीत घट्ट धरा आणि उवा काढायच्या धातूच्या बारीक फणीने दुसरं टोक विंचरा. सुरुवात अगदी शेंड्यापासून करायची आणि थोडं थोडं मागे यायचं. एकदम मधूनच फणी घातली तर सगळा धागा तुटून फणीत येतो. अर्धा विंचरून झाला की तुकडा उलटा धरून दुसरा अर्धा. लोकर आखूड तंतू पिळून केलेली असते, त्यामुळे बरेच तंतू फणीत अडकतात. ते टाकू नका, डबीत साठवा, दोऱ्यावर वळून अंग भरायला ते उपयोगी पडतात. हातात राहतो तो मऊ, लांब तंतूंचा झुपका. त्याला पिळाच्या बारीक लाटा असतात. त्या नको असतील तर झुपका गरम पाण्यात बुडवून हलक्या ताणाने कपड्यांच्या चिमट्याला लटकवून वाळवा. अ‍ॅक्रिलिक उष्णतेने सैल पडतं आणि सरळ होतं. इस्त्री लावू नका, वितळतं. दोन रंग एकत्र विंचरून मिसळले की कुठल्याही दुकानात न मिळणारा रंग तयार होतो. शेवाळी आणि राखाडी निम्मे-निम्मे घेऊन करून बघा.

आता कोळंबी. आपल्या खाडीत, मांडवीपासून साळपर्यंत, चोणक आणि तांबोशी कोळंबीवर जगतात, म्हणून पहिली फ्लाय हीच बांधा. कोळंबी घाबरली की शेपटीचे झटके मारत मागे पळते. तुम्ही दोर ओढता तेव्हा फ्लाय गरीच्या डोळ्याच्या (दोर बांधायच्या भोकाच्या) दिशेने येते, म्हणजे कोळंबीची शेपटी गरीच्या डोळ्याकडे हवी आणि तिचे डोळे, मिशा गरीच्या वाकाकडे. अनेक नवे लोक हे उलटं बांधतात आणि मग पाण्यात पुढे धावणारी कोळंबी दिसते.

1/0 नंबरची गरी व्हाइसमध्ये (गरी घट्ट धरणाऱ्या शिकंज्यात) लावा. कोळंबीच्या डोळ्यांसाठी 40 पौंडी (म्हणजे तेवढा ताण सोसणाऱ्या) तंगूसचे, मासेमारीच्या नायलॉन दोरीचे, दोन तुकडे घ्या, टोक मेणबत्तीजवळ न्या. आत नव्हे, जवळ. तंगूस वितळून मागे सरकतं आणि टोकाला गोल मणी तयार होतो. त्याला काळ्या मार्करने रंगवून पारदर्शक नेलपॉलिशचा थर द्या. हे दोन्ही डोळे वाकाजवळ, मागे आणि थोडे बाहेर डोकावतील असे बांधा. मिशांसाठी रंगाच्या स्वस्त नायलॉन ब्रशाचे दोन केस. चांगल्या ब्रशाचे केस टोकाला निमुळते असतात, तेच घ्यायचे. गरीच्या दीडपट लांब ठेवा. नारळाच्या सोडणातला काथ्याही चालतो, तो खाऱ्या पाण्यात कुजत नाही आणि त्याचा रंग आयताच जुळतो. डोळ्यांच्या मधे विंचरलेल्या लोकरीचा छोटा पुंजका बांधा, ते तोंडाकडचे बारीक पाय.

मग पाठीसाठी दुधाच्या पिशवीची, धुऊन वाळवलेली, 4-5 मिलिमीटर रुंदीची पट्टी आणि वेढ्यांसाठी बारीक पारदर्शक नायलॉन धागा वाकापाशीच बांधून सोडून द्या. अंगासाठी लोकरीचा एकच पदर घ्या आणि वाकापासून गरीच्या डोळ्याकडे गुंडाळत या, सुरुवातीला जाड, शेपटीकडे बारीक. त्याच्याबरोबर फर लोकर गुंडाळा, म्हणजे ती पापण्यांसारखे केस बाहेर आलेली शोभेची लोकर, जी मुलींच्या स्कार्फसाठी विकतात. तिचे वरचे केस कात्रीने सपाट कापा, खालचे ठेवा. पाय तयार झाले. पट्टी पाठीवरून पुढे ओढून बांधा आणि नायलॉन धाग्याचे अंतरा-अंतराने वेढे द्या. प्रत्येक वेढ्याला प्लास्टिक दबतं आणि कोळंबीच्या पाठीच्या खापा दिसू लागतात. वेढा देताना खालचे पाय दबले तर सुईने ओढून बाहेर काढा. पट्टीचं टोक गरीच्या डोळ्यापुढे किंचित पसरून कापलं की शेपटीचा पंखा झाला.

फ्लायला वजन हवं असेल तर की-चेनच्या मण्यांच्या साखळीतले दोन मणी कापून घ्या आणि गरीच्या डोळ्याजवळ, दांडीच्या वरच्या बाजूला बांधा. वजन वर असल्यामुळे फ्लाय पाण्यात उलटते, गरीचं टोक वर होतं आणि खारफुटीच्या मुळांत, कालवांत अडकणं कमी होतं. पेनसिल्व्हेनियाच्या बॉब क्लाउझरने 1980 च्या दशकात याच तत्त्वावर आपली मिनो फ्लाय बांधली. पण मग व्हाइसमध्ये जी वरची बाजू ती पाण्यात खालची होते. पाय वरच्या बाजूला ठेवा आणि पाठीचं प्लास्टिक सरळ सोडून द्या. गढूळ पाण्यात त्यावाचून अडत नाही.

छोट्या माशाची फ्लाय हवी असेल, म्हणजे शेवट्याचं पिल्लू किंवा तारलीचं पोर, तर तेच मणी, खाली विंचरलेली पांढरी लोकर आणि वर शेवाळी किंवा राखाडी. झुपका विरळ ठेवा. उजेडात धरल्यावर त्यातून बोट दिसलं पाहिजे. मार्करने पाठीवर आडवे पट्टे ओढा. लोकरीचा एक दोष इथे उघडा पडतो: तिच्यात ताठपणा नाही. फेकताना ती मागे जाऊन गरीच्या वाकाला गुंडाळते आणि मासा काही त्या गुंत्याला तोंड लावत नाही. त्यावर उपाय म्हणजे शेपूट गरीच्या वाकाच्या पुढे गरीएवढीच ठेवायची आणि तिच्याखाली तंगूसचा एक छोटा फासा किंवा ब्रशाचे चार-पाच केस आधाराला बांधायचे. 10 सेंटीमीटरहून मोठी फ्लाय लोकरीची करू नका. तिथे बोकडाच्या शेपटीचे केस किंवा जुन्या टेडीची लांब फर घ्या. फर कापताना कात्रीचं टोक केसांखाली, कापडाला लागून चालवा, म्हणजे केसांची टोकं शाबूत राहतात. बुडाशी असलेली बारीक लव विंचरून काढून टाका.

चमकीसाठी घरात खजिना असतो. चतुर्थीच्या मखरातल्या झिरमिळ्या आणि नाताळच्या झाडावरच्या चमचमत्या माळा उतरवताना एक-एक वेढा बाजूला काढून ठेवा. दोन-तीन पात्याच फ्लायला पुरतात; जास्त झाल्या तर स्वच्छ पाण्यात मासा बिचकतो. वेफर्सच्या पाकिटाची आतली चंदेरी बाजू अंगाभोवती गुंडाळायला छान, वर नेलपॉलिश. जरीबाबत मात्र सावध राहा. प्लास्टिकच्या पातीची जर टिकते, तांब्यावर मुलामा दिलेली जर खाऱ्या पाण्यात काळी पडते. डोळ्यांसाठी टिकल्या चिकटवता येतात, पण नुसत्या गोंदावर त्या पहिल्याच फेकीला उडतात, वरून रेझिन किंवा अ‍ॅराल्डाइट हवंच.

पृष्ठभागावर आवाज करणाऱ्या फ्लायसाठी हवाई चपलेचा रबरी तळ दंडगोल कापून वापरा, समोरचं तोंड थोडं खोलगट करा. थर्मोकोलवर नेलपॉलिश लावू नका, विरघळून जाईल.

आता गरी आणि दोरा. चोणकाच्या कल्ल्याची कड धारदार असते आणि त्याचं तोंड खरबरीत. तांबोशी तर लागल्याबरोबर मुळांत घुसते. तिथे जुनी, गंजलेली, ओळख नसलेली गरी सरळ होते. खाऱ्या पाण्याची चांगली गरी घ्या, मस्टॅडची 34007 स्टेनलेस गरी अनेक वर्षं जगभर याच कामाला वापरली जाते. टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका, सोडायच्या माशाला आणि स्वतःच्या कानाला दोघांनाही बरं. शिवणाचा साधा दोरा तीन पदरी, घट्ट पिळाचा असतो. तो सपाट बसत नाही, गाठींचा डोंगर होतो. निदान भरतकामाच्या मशीनचा पॉलिएस्टर दोरा घ्या. त्याच्याच शेजारी तितकाच चमकणारा रेयॉनचा दोरा ठेवलेला असतो, तो टाळा. रेयॉन ओलं झालं की त्याची बरीचशी ताकद जाते. खरा फ्लायचा दोरा मागवायचा तर एकच रीळ मागवा, ते खूप दिवस पुरतं.

तांब्याची तार मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात सहज मिळते आणि गोड्या पाण्यात तिच्यासारखं वजन नाही. खाडीसाठी ती साध्या लोखंडी गरीवर गुंडाळू नका. खाऱ्या पाण्यात तांबं आणि लोखंड एकमेकांना लागून असले की लोखंड दुप्पट जोमाने गंजतं. फेविक्विक वापरताना थेट नळीतून सोडू नका, लोकर ते शोषून घेते आणि अख्खी फ्लाय लाकूड होते. सुईच्या टोकावर थेंब घेऊन फक्त दोऱ्याच्या वेढ्यांना लावा. सुती कापडाला फेविक्विक लागलं तर ते चटका बसेल इतकं तापतं, तेव्हा मांडीवर जुना पंचा घेऊन बांधत बसू नका.

पिसांबद्दल. गावठी कोंबड्याच्या मानेची आणि पाठीची पिसं उत्तम. भारतातल्या कोंबड्यांच्या मानेची कातडी 'इंडियन केप' या नावाने जगभर विकली जातात, आणि आपण तीच परत परदेशी पाकिटातून विकत घेतो. भांड्यांच्या साबणाने धुवा, सावलीत वाळवा, डब्यात कापूर ठेवा, नाहीतर पावसाळ्यात कसर लागते. अ‍ॅक्रिलिकला कसर लागत नाही, तिचा हा आणखी एक गुण. पण सत्तरीच्या, काणकोणच्या रानातला रानकोंबडा कितीही मोह पाडो, त्याच्या पिसांना हात लावू नका. परदेशातल्या सामन माशांच्या फ्लायमध्ये त्याची मानेची पिसं फार मानाची, पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो पक्षी संरक्षित आहे. मुंगसाच्या केसांचंही तेच. कोणी "माझ्याकडे जुनं पडून आहे" म्हणून दिलं तरी घेऊ नका.

विंचरलेल्या लोकरीचे कापलेले तंतू म्हणजे प्लास्टिकच आहे. पाण्याच्या काठावर बसून फ्लाय कापून नीट करू नका, आणि घरी कापलेलं सगळं एका बरणीत जाऊ द्या. मोरजी आणि गालजीबागच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात, त्या पाण्यात आपल्या हाताने एकही झुपका जायला नको. परत आल्यावर फ्लाय गोड्या पाण्यात चेपून धुवा आणि उघड्यावर वाळवूनच डबीत ठेवा. लोकर मीठ धरून ठेवते आणि एका ओल्या फ्लायमुळे शेजारच्या सगळ्या गऱ्या गंजतात.

फ्लाय तयार झाल्यावर न्यायची कुठे, हेही सांगतो. ओहोटीला खाजनातलं (बांध घातलेल्या खाडीकाठच्या शेतांतलं) पाणी मानशीतून (बांधातल्या झडपेच्या दारातून) नदीत पडायला लागतं तेव्हा त्याबरोबर कोळंबी वाहत येते आणि चोणक प्रवाहाच्या कडेला, संथ पाण्यात, तोंड वर करून उभा असतो. फ्लाय प्रवाहात टाकून ती वाहत कडेला येऊ द्या, मधूनच दोन छोटे झटके. लीडरचा, म्हणजे दोर आणि फ्लाय यांना जोडणाऱ्या धाग्याचा, शेवटचा फूट-दीड फूट 40 पौंडी जाड तंगूसचा ठेवा. मोठा चोणक मिळाला तर तो बहुधा मादी असते, कारण हे मासे नर म्हणून वाढतात आणि मोठे झाल्यावर माद्या होतात, त्याला परत सोडा. मानशीच्या तोंडावरची मासेमारी बहुतेक ठिकाणी लिलावाने दिलेली असते. जाळं लावलेलं असताना तिथे गरवायला उभं राहू नका, आणि नसतानाही ज्याने लिलाव घेतला आहे त्याला आधी विचारा. कोळंबी कुठल्या दिवशी, कुठल्या पाण्याला सुटते हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.